दाताच्या एक्स-रेची गळती कोण मोजणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

जिल्ह्याच्या बैठकीत एका अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "महिनाभरात तुमच्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन तपासायला माणूस पाठवतो." माणूस आला नाही. काल टपालाने कागद आला, "आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे." कुठे वर्ग केला, तेही लिहिलेलं नाही.

मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. गरोदर आहे, पाचवा महिना चालू आहे. एक्स-रेची खोली इतकी लहान की किरणांपासून दोन मीटर लांब उभं राहायचं म्हटलं तर भिंत आड येते. लहान मूल फिल्म नीट धरत नाही, तेव्हा त्याच्या तोंडात ती बोटाने मीच धरत आले. असं धरायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणतात, "एवढ्याशा एक्स-रेने काय होतंय?"

साहेब, तो एवढासा असतो हे मलाही कळतं. धड मशीनवर एका दाताच्या फोटोला साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे अंगाला लागलेले किरण मोजायचं माप). पण पेशंट फोटो काढून घरी जातो, मी रोज तिथेच असते. आणि मशीन धड आहे हे ठरवलं कुणी? टायमर बिघडून किरण जास्त वेळ सुटले किंवा ट्यूबभोवतीच्या शिशात फट पडून ते बाजूने बाहेर आले, तरी डोळ्यांना काही दिसत नाही. किरण जिथून बाहेर पडतात त्या नळीचं, म्हणजे कोनचं, तोंड शिशाने बंद करून, एक मीटरवर चहूबाजूंनी मीटर धरला तरच गळती कळते. आउटपुट, म्हणजे किरणांचं प्रमाण, दर वेळी सारखं येतं का, केव्ही, म्हणजे ट्यूबचा व्होल्टेज, बरोबर आहे का, तेही मोजावं लागतं. ही क्यूए (गुणवत्ता) तपासणी दर दोन वर्षांनी करायची, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. आमच्या भिंतीवरच्या दाखल्याची तारीख माझ्या लग्नाच्याही आधीची आहे.

गरोदर असल्याचं कळल्यापासून बाळंत होईपर्यंत पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट. माझ्या बाळाला किती मिळाले? मला किरण मोजणारा बॅज दिला नाही, खोलीत मीटर आला नाही, मग आकडा कुठून आणू? सासूबाई रोज विचारतात आणि मी गप्प बसते. मालकांना विचारलं तर म्हणाले, "भीती वाटत असेल तर घरी बस." घरी बसले तर पगार कोण देणार?

२०१२ साली कॅगने (सरकारी कारभार तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) लिहिलं की देशातली सुमारे ९१ टक्के वैद्यकीय एक्स-रे केंद्रं मंडळाकडे नोंदलेलीच नाहीत. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय काढा, असं सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सांगितलं होतं. अकरा वर्षांनी ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होतं! मंडळाचं मुख्यालय तर आपल्या मुंबईत, अणुशक्तीनगरला. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगारात किरणोत्सर्गी कोबाल्ट निघालं, माणूस दगावला, तेव्हा सगळे धावले. इथे कुणी दगावायचीच वाट बघायची का? सोनोग्राफी मशीनला सील ठोकायला तुमच्याकडे माणसं आहेत, मग एक्स-रेच्या खोलीत मीटर घेऊन यायला का नाहीत? नियम मुंबईत, मशीन तालुक्यात आणि मध्ये नुसत्या फायली.

तपासणीची तारीख मला लेखी कळवा. मोजलेला आकडा दवाखान्याच्या दारावर मराठीत लावायला लावा. आणि गरोदर बाईला नोकरी न घालवता त्या खोलीबाहेरचं काम मिळेल, असा आदेश काढा. मला सातवा महिना लागायच्या आत.

आपली,
दातांच्या दवाखान्यातली एक असिस्टंट