मिनिटांचा हिशेब

प्रिय मंजू,

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही, चुकलंच माझं. गुडघा ठीक, आई ठीक. सोमवारी शाळा सुरू होतेय आणि वेळापत्रक मांडताना परत तोच हिशेब छातीवर बसलाय. तो तुलाच कळेल.

आपण म्हणतो स्पीच थेरपीचं सेशन ३० मिनिटांचं. मुलांना वर्गातून आणायला ५, परत सोडायला ५. उरली २०. ग्रुपमध्ये चार मुलं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ५. त्यात कार्डं शोधणं, नोंद करणं. एवढ्यात ‘क’चा उच्चार बसायचा कसा? फायली आणि रंगीत लेबलं मागाहून. वर्षाची तयारी म्हणजे आधी ही मिनिटं वाचवणं.

आणि इथेच आपलं जुनं भांडण. तू म्हणायचीस ग्रुप वर्गाप्रमाणे, मी म्हणायचे टार्गेटप्रमाणे, म्हणजे ज्याला जे बोलणं शिकवायचंय त्याप्रमाणे. तू अर्धी बरोबर होतीस. (ओरड आता, शेजाऱ्यांनाही ऐकू दे!) एका वर्गातली मुलं एकाच दारातून मिळतात, आणण्यातली मिनिटं वाचतात. पण ‘र’वाला आणि वाक्यं जोडायला शिकणारा एकत्र बसवला, की एकाच्या पाळीत दुसरा नुसता बघत राहतो. टार्गेट एकच असलं तर एका कार्डावर चौघं बोलतात. म्हणून आधी टार्गेट, मग शेजारशेजारचे वर्ग. दोन इयत्तांहून जास्त अंतर नको. मोठी मुलं लहानांसमोर चुकायला लाजतात आणि गप्प होतात.

वेळापत्रक पेन्सिलनेच कर. मधली सुट्टी आणि खेळाचा तास आधी काट मारून टाक. तिथून ओढून आणलेलं मूल मनाने मैदानावरच असतं. ज्या विषयात ते आधीच मागे आहे, तो तासही नको. रोज एक जागा कोरी ठेव. हुकलेली सेशन आणि बंद पडलेली कानाची मशीन तिथेच जिरतात.

पहिले दोन आठवडे फक्त बेसलाइन, म्हणजे शिकवण्याआधी मुलाला किती येतं त्याची नोंद. ‘क’साठी सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे दहा-दहा शब्द: कप, चाकू, नाक. आधी चित्र दाखवून, मग चुकलेला शब्द आपण म्हणून दाखवून. दोन्हींची नोंद वेगळी. ऐकून नीट म्हणता आला तर घरी सरावाचा कागद द्यायला हरकत नाही. ऐकूनही ‘काका’चं ‘ताता’च होत असेल तर देऊ नकोस, घरी ‘ताता’च घोटलं जातं. छापील तक्त्यात एक गफलत होते बघ: ‘ळ’ मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही, तरी तो रकाना रिकामा दिसतो म्हणून कुणीतरी शून्य भरतं आणि टक्केवारी पडते. तिथे आडवी रेघ मार.

नोंदीचा कागद प्रत्येक मुलाचा एक, महिनाभराचा. बरोबर, चूक, आणि मदत किती लागली, एवढंच: स्वतःहून, खूण करून, म्हणून दाखवून. मदतीचा रकाना नसला तर ८०% दिसतात आणि वर्गात मूल ‘कप’ला पुन्हा ‘तप’च म्हणतं. टार्गेटची कार्डं आदल्या दिवशीच त्या कागदाला क्लिपने लाव. कार–तार, काप–ताप अशा जोड्या एकत्र.

कानाची मशीन लावणाऱ्यांची तपासणी मूल दाराशी आलं की लगेच. तोंड झाकून, नेहमीच्या आवाजात आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आलं की मुलाने हात वर करायचा. मध्ये थांबण्याचा वेळ बदलत ठेव, नाहीतर मुलं तालावरच हात वर करतात. काल ऐकलेला ‘स’ आज गेला, तर आधी मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्यातला मळ, नळीतलं पाणी आणि सेल बघ. नव्या सेलचं स्टिकर काढल्यावर एखादं मिनिट उघडा ठेवून मग घाल. त्याला हवा लागते. काढलेलं स्टिकर परत लावून सेल वाचत नाही, हे मदतनीसांनाही सांग.

टॅबलेटवरचे शब्द दाबून बोलणाऱ्या मुलासाठी त्याच शब्दांचा, त्याच जागांचा छापील बोर्ड पिशवीत हवाच. चार्जिंग संपलं म्हणून त्याचं बोलणं दिवसभर बंद राहावं, हे मला सहन होत नाही.

तुझी बदली झाली का? धाकटीचे दात आले? कळव, आणि तुझं वेळापत्रक खोडाखोडीसकट पाठव. मंगळवारचे दोन ग्रुप अजून माझ्या डोक्यात बसत नाहीत.

तुझी,
शुभा