तुझ्या प्लेटा घेऊन ये

प्रिय बापू,

दोन वर्षं झाली तुझ्या पत्राला. ‘माझ्या कोरलेल्या प्लेटा छापून देशील का?’ एवढंच विचारलं होतंस तू. मी ना हो कळवलं, ना नाही. कामं होती, आजारपण होतं, असली कारणं तुला सांगणार नाही. शिल्पकाराने छापे करावेत हे मला पटलं नव्हतं आणि तुला तसं लिहवत नव्हतं, खरं ते हे. बाकी तब्येत बरी. गुडघा आपला चालू आहे.

आज लिहायला बसलो कारण मार्चमध्ये लेकीकडे लंडनला गेलो होतो, तिथे एका लहानशा गॅलरीत शिल्पकार अनिश कपूरची एचिंग्ज पाहिली, आम्लाने खाल्लेल्या प्लेटेवरून काढलेले छापे. ‘शॅडो’ म्हणून मालिका आहे, २००७ ची, त्यातली. लेक म्हणाली, ‘बाबा, छान आहेत.’ जावई म्हणाला, ‘छान आहेत.’ मला तिथून हलवेना. हे कुणाला सांगणार? तुलाच.

एक लाल होतं. रेघ म्हणून कुठे नाही. आकार म्हणावा तर तोही नाही. गडद रंग हळूहळू उजळत जातो आणि तो कुठे उजळला ती जागा काही सापडत नाही. मी कागदापासून वीतभर अंतरावर उभा होतो आणि तरी कागद किती लांब आहे ते डोळ्याला ठरवता येईना. तुला त्याचंच ‘डिसेंट इंटू लिम्बो’ आठवतं ना, तो जमिनीतला काळा खड्डा? २०१८ साली पोर्तुगालच्या पोर्तोमध्ये तो रंगवलेला गोल वाटून एक माणूस खरोखरच आत पडला होता, तेव्हा तू मला फोन करून ‘बघ, शिल्प चावतं’ म्हणाला होतास. ते खरं भोक होतं. इथे जाड ओल्या कागदावर दाबलेली शाई आहे, बस, आणि तरी माझा तोल गेल्यासारखा झाला.

माझं म्हणणं तुला पाठ आहे. शिल्पकार छापाकडे वळला की शिल्पाची रेखाटनं काढतो, वीस-पंचवीस प्रती विकतो, मोकळा होतो. यावरून आपण किती रात्री भांडलो. तू लगेच कृष्णा रेड्डींना मधे आणायचास. मूळचा शिल्पकार, हेन्री मूर आणि झाडकिनकडे शिकलेला. पॅरिसला हेटरच्या ‘अटेलिए १७’ या छापशाळेत प्लेट चक्क उठावशिल्पासारखी वेगवेगळ्या खोलीला कोरायचा, मग कमीजास्त तेलाच्या शाया, एक रोलर मऊ, एक कडक, आणि सगळे रंग एकाच दाबात कागदावर. ‘अरे, ती जमीन आहे, तिच्यात चढउतार आहेत,’ असं ओरडायचास. मी म्हणायचो, अपवाद. मग तू सोमनाथ होरांचे ‘जखमा’ हे छापे काढायचास, ते पांढऱ्या कागदाच्या लगद्यात उमटलेले. मी म्हणायचो, दुसरा अपवाद. मास्तर शेवटी दिवे मालवून जायचे.

बापू, तू बरोबर होतास. ही एचिंग्ज कपूरच्या शिल्पांची चित्रं नाहीत. १९७९-८० साली तो जमिनीवर कोऱ्या रंगाच्या भुकटीचे आकार मांडत होता, तेव्हापासून जो प्रश्न त्याच्या हातात आहे, की रंगाला आत किती जागा असते, तोच इथे कागदाला विचारलाय. असा बिनरेघेचा रंग तांब्यावर आणायचा तर मला एकच वाट ठाऊक आहे, राळ. ती प्लेटवर धुळीसारखी बसवायची, खालून ऊब देऊन चिकटवायची, आणि आम्ल दाण्यांच्या मधल्या फटीत खात जातं. त्याची भुकटी आणि आपली राळ. मला तिथेच उभ्याउभ्या हसू आलं. २०१० च्या डिसेंबरात मेहबूब स्टुडिओत त्याची ती लाल मेणाची तोफ बघताना तू हलत नव्हतास आणि मी गाडीच्या वेळेसाठी तुझी बाही ओढत होतो. या वेळी बाही माझी होती.

आता काळजी. ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

एकरंगी रेघांची प्लेट मी डोळे मिटून पुसेन. पण असा रंग पुसण्यावर जगतो. टार्लटनने, त्या खळीच्या जाळीदार कापडाने, शाई काढली की शेवटी तळहाताला खडूची पूड लावून हलके हात फिरवायचे, आणि तिथे एक हात जास्त पडला की आतला दिवा विझतो. एक कमी पडला की सगळं गढूळ. त्यात दोन-तीन प्लेटा एकावर एक, कागद तेवढ्या वेळात सुकून आकसला की जुळणी गेली. वीस प्रती म्हणजे वीसदा तोच निर्णय. आणि तो निर्णय माझा असणार, तुझा नाही. मग ते काम कुणाचं? तुझी प्लेट पुसता पुसता मी ती माझी करून टाकली तर? खरं सांगतो, या भीतीनेही मी दोन वर्षं गप्प होतो. पटत नाही हे निमित्त सोयीचं होतं.

परतीच्या विमानात एकच विचार होता. तुझं मेण तू ओताऱ्याकडे देतोस, तो ते वितळवून टाकतो, जागी कांसं ओततो, आणि त्याने हात कुठे कमी-जास्त केला ते तू पॉलिश करताना बोटाने ओळखतोस. त्याच्यावर तू कधी रागावलास, कधी त्याच्या गळ्यात पडलास, पण काम कुणाचं असं कधी विचारलं नाहीस. तसा तू माझ्या शेजारी उभा राहशील का? पहिल्या दहा प्रुफांना तरी? तू ‘थांब’ म्हणशील तिथे मी हात थांबवेन.

धाकट्याचं ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींचा मोतीबिंदू झाला का? नवीन शेड गळत नाही ना?

येताना तांब्याच्याच प्लेटा आण. जस्त स्वस्त पडतं हे मलाही कळतं, पण जस्तावर पिवळा मळतो, फिका लाल काळवंडतो, आणि तुझं सगळं त्या फिक्यातच असणार. फूटभरापेक्षा मोठी नको, आधी हात बसू दे. आणि कडा कानशीने उतरत्या घासून आण, चारही बाजूंनी. मागच्या वेळी तशाच धारदार ठेवल्या होत्यास आणि माझं प्रेसचं नवं ब्लँकेट, रोलरखालचा लोकरी नमदा, चिरलं होतं. ते अजून प्रेसवर आहे, शिवलेलं.

तारीख कळव. राळेची पेटी मी साफ करून ठेवतो.

तुझा,
नाना