हवामानाच्या चौकटीत यूव्ही इंडेक्सही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हल्ली त्वचा तरुण ठेवण्यावर बरंच येतंय, कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रोटीन) पावडर, गोळ्या, पेशींचं वय सांगणारी टेस्ट वगैरे, आणि आमच्या घरी पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली जाते म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

माझे वडील ट्रक ड्रायव्हर होते. तीसेक वर्षं निफाडहून कांदा नाहीतर द्राक्षं भरून वाशी मार्केटला जायचे. गाडी सोडल्यावर घरी बसायला लागले तेव्हा माझ्या मुलीच्या लक्षात आलं की आजोबांचा उजवा गाल डाव्यापेक्षा खूप जास्त सुरकुतलाय, उजव्या हाताची कातडीही कोपरापर्यंत वेगळीच, जाड आणि काळपट. आम्हाला वाटलं त्या कुशीवर झोपत असतील. नंतर वाचनात आलं की २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता, २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेला माणूस, चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा कितीतरी म्हातारी. फक्त तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणून त्याची डावी बाजू, आपल्याकडे उजवी. जेवण तेच, वय तेच, रक्त तेच, फरक खिडकीच्या उन्हाचा. आणि काच वर असली तरी उन्हातले यूव्हीए (एका प्रकारचे अतिनील) किरण बऱ्यापैकी आत येतात, चटका बसत नाही म्हणून कळत नाही एवढंच. ते त्वचेत खोल जातात, तिथे कोलॅजन कातरणारी एन्झाइम्स वाढतात आणि रोज थोडं थोडं नुकसान साठत जातं. विडी-सिगरेटने पण हेच होतं, वडिलांना तीही सवय होती.

आता पावडरीचं. माझ्या आत्याने जाहिरात वाचून अठराशे रुपयांचा डबा मागवला, तिचं वय ६२, दोन महिने दुधातून घेतली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की कोलॅजन हे प्रोटीन आहे, पोटात गेल्यावर त्याचे बाकी प्रोटीनसारखेच तुकडे होतात, ते गालावरच जाऊन बसतील असं काही नाही. थोडा फायदा दाखवणारे अभ्यास आहेत, नाही असं नाही, पण त्यातले बरेच विकणाऱ्या कंपन्यांच्याच पैशातून झालेत, आणि हे वाचकाला सांगायला हवं ना?

शरीर स्वतः कोलॅजन बनवतं त्याला लागतं प्रोटीन आणि व्हिटॅमिन सी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम सी लागतं, पुरुषाला ८०, आणि १०० ग्रॅम पेरूत २०० च्या वर असतं, म्हणजे राहात्याचा एक मध्यम पेरू खाल्ला तरी काम झालं. आवळा तर आहेच (मोरावळ्यात साखर फार, त्यापेक्षा ताजा किसून मीठ लावून खा). लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, उकळत्यात हे व्हिटॅमिन बरंच जातं. प्रोटीनचं मात्र आपल्याकडे बायकांचे हाल आहेत, ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतं आणि ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते तेव्हा पातेल्यात उसळीचा नुसता रस्सा उरलेला असतो. मटकी, कुळीथ, शेंगदाणे, अंडं, दही यातलं काहीतरी आधी तिच्या ताटात पडू दे, मग डब्याचं बघू.

साखरेचंही लिहा. डायबेटीसवाले तीन महिन्यांची एचबीए१सी टेस्ट करतात ना, त्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीये ते बघतात. तशीच ती कोलॅजनला चिकटते, मग ते ताठ होतं, लवचिकपणा जातो, आणि एकदा तसं झालं की ते सहजी पूर्ववत होत नाही. दिवसाला पाच गोड चहा घेणाऱ्याला हे कळलं तर निदान दोन तरी कमी करेल.

पेशींच्या वयाच्या टेस्टबद्दल एवढंच, साडीच्या काठाला पिको केलेलं असतं तसं गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, पेशी दुभंगताना ते झिजत जातात. या संशोधनाला २००९ चं नोबेल मिळालं, ते खरंच मोठं काम आहे. पण टेस्टचा एक आकडा हातात आला तरी डॉक्टर सांगणार तेच, तंबाखू सोडा, चाला, झोपा, उन्हापासून जपा. त्यासाठी हजारो रुपये कशाला घालवायचे?

ऑस्ट्रेलियात नॅम्बोरला ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, २०१३ ला छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. त्याच प्रयोगात बीटा कॅरोटीनच्या (गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या) गोळ्याही दिल्या होत्या, त्यांचा एकंदर काही उपयोग दिसला नाही. तिकडचे लोक गोरे, आपल्याकडे सुरकुत्यांआधी वांग आणि काळे डाग येतात, पण कारण बरंचसं तेच, ऊन.

आमच्याकडे कांदा काढणीला येणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला आणि तोंडाला रुमाल घट्ट बांधतात. महागडं सनस्क्रीन त्यांना परवडणार नाही, पण तो शर्ट हे खरंखुरं संरक्षण आहे आणि पुरवणीत एखाद्या रविवारी त्याचा फोटो यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

माझी विनंती दोनच गोष्टींची. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असं ठळक लिहा, कोपऱ्यात बारीक नको. आणि पहिल्या पानावर तापमानाची चौकट असते त्यात त्या दिवसाचा यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा) पण द्या. ३ किंवा त्याच्या वर गेला की जपायचं असतं, आपल्याकडे एप्रिल-मेमधे भर दुपारी तो ११ च्या पुढे जातो. तो आकडा सकाळी दिसला तर काढणी सहाला सुरू करून अकराला थांबायचं की नाही हे मुकादमाशी बोलता येईल.

आपली,
एक वाचक, निफाड, जि. नाशिक