विहिरीतली मांजरं

प्रिय सुमे,

आठ महिने झाले पत्र नाही, फोनवरही नुसतं ‘बरी आहेस ना’. रागावली असशील तर हक्कच आहे तुझा. इकडे सगळे ठीक. यांची पाठ अधूनमधून धरते, मला थंडीचा खोकला.

लिहायला बसले ती रेवामुळे. आणि मनीमुळे. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

रेवाला शाळेत इकडच्या जुन्या नॉर्स देवांच्या गोष्टी सांगतात, व्हायकिंग लोकांच्या देवांच्या. त्यातल्या फ्रेया देवीच्या रथाला दोन मांजरं जुंपलेली. घोडे नाहीत, बैल नाहीत, मांजरं! मी म्हटलं, अगं, आपल्या षष्ठीचंही वाहन मांजरच. झालं, महिनाभर घरात दुसरा विषय नाही. फेनरीर नावाच्या लांडग्याला बांधायला बुटक्यांनी जी दोरी वळली, तीत मांजराच्या पावलांचा आवाज घातला होता म्हणे. शेजारचा करडा बोका आमच्याकडे येतो, तर ही पोरगी लाकडी जमिनीला कान लावून पालथी. तो तिच्या नाकासमोरून एकेक पंजा टाकत गेला आणि ही ओरडली, ‘आई, खरंच नाही येत आवाज!’ तू असतीस तर तूही शेजारी पालथी पडली असतीस आणि मग तुला उठवायला दोन माणसं लागली असती.

मग परवा तिनं विचारलं, ‘ते लोक मांजरांचे खूप लाड करायचे ना गं?’

सुमे, मी खरं सांगितलं. डेन्मार्कमधल्या आमच्या या ओडेन्समध्येच एक जुनी विहीर सापडली आहे, सुमारे १०७० सालची, व्हायकिंग काळ सरत आला तेव्हाची. तीत किमान ६८ मांजरांची हाडं. कवट्यांवर सुरीच्या खुणा, कातडं सोलल्याच्या. त्या मऊ कातड्याला मोल होतं. एका सागेत, म्हणजे इकडच्या जुन्या कथेत, ग्रीनलंडमधली थोरब्योर्ग येते, भविष्य सांगणारी. तिच्या काळ्या टोपीला आतून पांढऱ्या मांजराच्या कातड्याचं अस्तर, हातमोजेही मांजराच्याच कातड्याचे, केसाळ बाजू आत.

रेवा गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, ‘ती मांजरं केवढी होती?’ आता डेन्मार्कमधली मांजरं त्या काळातल्यांपेक्षा सरासरी १६ टक्के मोठी असतात, असं मोजमापावरून निघालंय. म्हणून म्हटलं, आपल्या बोक्याहून लहान. त्यावर जी रडायला लागली! जेवली नाही. आता बोका आला की खिडकी लावून घेते आणि काचेतून त्याला सांगते, ‘माणसांकडे येऊ नकोस.’

चुकलं का गं माझं? रथाला जुंपलं तेही मांजर, सोललं तेही मांजर. मलाच हे एका जागी बसवता येत नाही, नऊ वर्षांच्या पोरीनं कसं बसवायचं? रात्री झोप येत नाही. विहीर म्हटलं की मला वाड्यातला आड दिसतो.

तू मला सांगितलं होतंस, मनी दूधवाल्या अण्णांबरोबर त्यांच्या गावी गेली, तिथे तिला रोज साय मिळते. पुढे खरं कळलं तेव्हा तुझ्या आईसमोर मी तुला खोटारडी म्हणाले, वर्षभर बोलले नाही, सहलीत तुझ्या शेजारी बसलेसुद्धा नाही. (आडावरची फळी मी सरकवली नव्हती. हे मी मरेपर्यंत म्हणणार.) पण परवा रेवाला थोपटताना तुझा तेव्हाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. दहा वर्षांची होतीस तू. मला रडू येऊ नये म्हणून एवढी मोठी गोष्ट रचलीस, आणि मी तुला शिक्षा केली. माफ कर, सुमे. फार उशीर झाला हे म्हणायला.

मनूचं बारावीचं काय झालं? सासूबाईंचा गुडघा कसा आहे? नव्या जागेचं ठरलं का? सगळं लिही, मी नीट वाचेन.

आणि एक सांग. मनीला आडातून तू एकटीनंच वर काढलंस ना? कुठे पुरलंस तिला?

तुझी,
कुंदी