पाच जुलैचे पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुझी दोन पत्रे आली आणि मी एकालाही उत्तर दिले नाही, याची टोचणी मनाला सतत लागून होती. प्रकृती ठीक आहे. रक्तदाब गोळीने आवाक्यात राहतो. आज लिहायला बसलो, कारण काल रात्री फ्रँकलिनचे एक पत्र पुन्हा वाचले आणि नंतर डोळा लागला नाही. तो का लागला नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

लंडनचा मुद्रक विल्यम स्ट्रॅहन आणि फिलाडेल्फियाचा मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन यांचा पत्रव्यवहार १७४३ पासूनचा. एकमेकांचे व्याही होण्यापर्यंत त्यांच्या गोष्टी गेल्या होत्या. पुढे स्ट्रॅहन पार्लमेंटात गेला, सरकारच्या बाजूने बसला, तिकडे अमेरिकन वसाहतींचे ब्रिटनशी युद्ध पेटून बोस्टनजवळचे चार्ल्सटाउन जळाले, आणि ५ जुलै १७७५ रोजी फ्रँकलिनने त्याला लिहिले की आपण पुष्कळ वर्षे मित्र होतो, आता तू माझा शत्रू आहेस आणि मी तुझा. इंग्रजी पत्राच्या शेवटी ‘आपला’ लिहून सही करण्याची जी रीत, तिच्यातच त्याने हे वाक्य बसवले आहे: ‘मी आपला’ आणि खाली नाव. हे पत्र त्याने धाडलेच नाही.

दादांच्या ओसरीवरचे आपले भांडण तुला आठवतच असेल. अमेरिकन वसाहती पैशासाठी फुटल्या, असे तू म्हणालास. मी तत्त्वाची बाजू धरली. आणि वहिनींनी आणलेला चहा दोघांच्या हातात निवून गेला. बोस्टनकरांनंतर चहाची एवढी नासाडी आपणच केली असेल! तुझे म्हणणे मी तेव्हा पुरते ऐकून घेतले नाही. १७६३ साली फ्रान्सशी चाललेले युद्ध संपताच राजाने अ‍ॅपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करण्यास मनाई केली, तेव्हा पश्चिमेकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांत वॉशिंग्टनही होता. डच चहा चोरून आणणाऱ्यांचा धंदाही धोक्यात आला होता. एवढे मी आज मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण पैशाने सारे उलगडत नाही. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा वजनी पौंडामागे तीन पेन्स कर धरूनही स्वस्त पडणार होता, तरी १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या बोस्टनच्या बंदरात रिकाम्या झाल्या. ह्याच कंपनीने बंगालमध्ये काय केले, हे अमेरिकन वसाहतींतल्या लोकांना ठाऊक होते. पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याने त्याच वर्षी तसे लिहून आपल्या लोकांना सावध केले होते. मला वाटते, खरी चीर त्याआधीच पडली होती. युद्धाचे कर्ज आणि तिकडच्या फौजेचा खर्च यांचा भार हलका करण्यासाठी १७६५ मध्ये पार्लमेंटाने वर्तमानपत्रे, दस्तऐवज, अगदी पत्त्यांच्या जोडावरसुद्धा मुद्रांक कर लावला. पुढच्या फेब्रुवारीत कॉमन्स सभेपुढे फ्रँकलिनला विचारण्यात आले की १७६३ पूर्वी अमेरिकेचे मन ब्रिटनविषयी कसे होते. याहून चांगले असू शकले नसते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. मार्चमध्ये कर मागे घेतला गेला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा झाला, की वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून घेण्याचा पार्लमेंटाला पूर्ण अधिकार आहे. वसाहतींचा एकही प्रतिनिधी नसलेल्या सभेने हे ठरवले होते. त्या आनंदात हे कलम किती जणांना बोचले असेल? न्यूयॉर्ककरांनी तर कृतज्ञतेने राजाचा घोड्यावर बसलेला, सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा मागवला.

मला छळते ते हेच, की तुटावे असे फार थोड्यांच्या मनात होते. आम्ही इंग्रज आहोत, इंग्रजांचे हक्क आम्हाला द्या, एवढेच ते अर्जामागून अर्ज करून मागत होते आणि प्रत्येक वेळी उत्तर म्हणून हुकूम येत होता. १७७४ मध्ये चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टनचे बंदरच बंद केले गेले आणि मॅसॅच्युसेट्सच्या लोकप्रतिनिधींनी निवडायचे सल्लागार मंडळ राजाच्या नेमणुकीचे झाले. १७७५ च्या जुलैत, फ्रँकलिनचे ते पत्र ज्या आठवड्यात लिहिले गेले त्याच आठवड्यात, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, समेटाचा शेवटचा अर्ज केला. त्यावर फ्रँकलिनचीही सही होती. राजाने तो स्वीकारलासुद्धा नाही. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या लोकांनी तोच पुतळा दोर लावून पाडला, आणि त्याच्या शिशाच्या ४०,००० हून अधिक गोळ्या ओतल्या गेल्या.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले हे वाचून जीव भांड्यात पडला. धाकटीला नोकरी लागली, तिला आशीर्वाद सांग. घराच्या रंगाचे काम उरकले असेलच.

पुढे फ्रँकलिन आणि स्ट्रॅहन पुन्हा एकमेकांना जिव्हाळ्याने लिहू लागले. फ्रँकलिनचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, तो राजाशी एकनिष्ठ राहिला आणि कैदेत गेला. त्याच्याशी मात्र बापाचे मन पुन्हा जुळले नाही. मृत्युपत्रातही त्याला जवळजवळ काही ठेवले नाही.

तुझ्या दुसऱ्या पत्रावर मीही एक उत्तर लिहिले होते. चार पाने, फार कडू. ते टेबलाच्या खणातच राहिले होते, ते आज सकाळी फाडले. मार्गशीर्षात ये, चार दिवस राहा. दादांची ओसरी आता नाही, पण आमच्या गच्चीत बसू.

तुझाच,
आबा