पहिल्या पायरीवर अडलेली मुलं: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षण व साक्षरता मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

साहेब, सादर नमस्कार.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका सरकारी मराठी शाळेच्या सुधारणा कमिटीवर मी आहे. शाळा पहिली ते सातवी. माझा थोरला मुलगा तिथूनच शिकून हायस्कूलला गेला, धाकटी अजून तिथेच आहे. गळक्या कौलांबद्दल, शिक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दल आमच्या भागातून आपल्याकडे निवेदनं येतच असतील. मला आज वर्गाबाहेरच्या शाळेबद्दल लिहायचं आहे. खेळ, प्रतिभा कारंजी ही कलागुणांची शालेय स्पर्धा, विज्ञानाचे प्रयोग, चित्रं, गाणी. निवेदनात या गोष्टींना शेवटची ओळ मिळते, बऱ्याचदा तीही मिळत नाही. पण आमच्या मुलांना शाळेत यावंसं वाटतं ते पुष्कळदा यांच्यामुळेच.

सीमाप्रश्नावर मी काही लिहिणार नाही. तो खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. माझी मुलगी मात्र तोवर पाचवीत थांबणार नाही. म्हणून जे आपल्या एका आदेशाने होऊ शकतं तेवढंच मागते आहे.

आधी प्रतिभा कारंजीबद्दल. ही स्पर्धा आपल्या राज्याचं मोठं काम आहे, हे मी मनापासून मानते. कंठपाठ, कथाकथन, अभिनयगीत, चित्रकला, मातीकाम, आशुभाषण. मुलगा केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, जिंकला की तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग राज्याला. शहरातलं मूल क्लासला जाऊन जे शिकतं, ते खेड्यातल्या मुलाला सरकारी शाळेतून फुकट मिळावं, यापेक्षा चांगला विचार कोणता? भाषावार कंठपाठात मराठीलाही जागा दिलेली आहे. अडचण त्या जागेवर परीक्षक म्हणून कोण बसतं, याची आहे.

एका केंद्रावरची गोष्ट सांगते. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणाला दोष द्यायचा नाही. मराठी कंठपाठाला दोन परीक्षक होते आणि दोघांनाही मराठी येत नव्हतं. माणसं भली होती, मुलांशी प्रेमाने बोलत होती. आवाज, हातवारे, चेहरा पाहून त्यांनी गुण दिले. एका मुलीने कवितेचं अख्खं कडवं गाळलं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, येणार तरी कसं? दुसरा एक मुलगा जागेवरून न हलता, एकेक शब्द जपून, अर्थ कळून कविता म्हणाला. समोर बसलेल्या आम्ही बायका गप्प झालो, इतकं ते आतून आलं होतं. तो मागे पडला. परत येताना गाडीत त्याने बाईंना विचारलं, ‘मी काय म्हटलं ते त्यांना कळलं का?’ बाईंना काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

साहेब, हरलेल्या मुलाची समजूत काढता येते. आमची मुलं हरणं शिकलेली आहेत, कुस्तीचं मैदान बघत वाढलेली आहेत. ज्याचं ऐकूनच घेतलं गेलं नाही, त्या मुलाची समजूत कशी काढायची?

बेळगाव जिल्ह्यात मराठी जाणणाऱ्यांची वाण नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांनी आपापली साहित्य संमेलनं भरवली आहेत. शेतकरी, शिक्षक, दुकानदार वर्गणी काढतात, मंडप घालतात, ग्रंथदिंडी काढतात, आणि दिंडीत शाळेची मुलं लेझीम खेळत पुढे असतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं आहे. निवृत्त मराठी शिक्षक तर गावोगाव आहेत. तालुक्याने अशा माणसांची एक यादी करून ठेवावी आणि मराठीच्या प्रत्येक स्पर्धेला त्यातला निदान एक परीक्षक असावा. याला पैसा लागत नाही. येण्याजाण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण दिलं तर ही माणसं आनंदाने येतील, काही जण तेही घेणार नाहीत.

हे वाचून कन्नडबद्दल आमच्या मनात काही आहे, असं कृपा करून समजू नये. आमची मुलं पहिल्यापासून कन्नड शिकतात. शाळेत एक कन्नडच्या बाई होत्या, त्यांनी शाळा सुटल्यावर थांबून मुलींना भावगीतं शिकवली, आणि मराठी घरातली एक मुलगी कन्नड भावगीतात तालुक्याला गेली. तिची आजी कन्नडचा एक शब्द समजत नसताना पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. कन्नडच्या स्पर्धेत आमच्या मुलीला न्याय मिळाला, कारण ऐकणाऱ्याला ती काय गाते हे कळत होतं. तेवढंच आम्हाला मराठीच्या स्पर्धेतही हवं आहे.

आता खेळ. यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण बेंगळुरूत बसून आमचा पाऊस दिसत नाही.

शालेय क्रीडास्पर्धांची केंद्र आणि तालुका पातळी साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये होते. आमच्याकडे मिरगापासून जो पाऊस धरतो तो दसऱ्याच्या तोंडावर ओसरतो. कणकुंबीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मलप्रभा तिथूनच उगम पावते. जांबोटी, हेमाडगा, शिरोली हा सगळा पट्टा तसाच. त्या महिन्यांत मैदानात घोटाभर पाणी आणि वर शेवाळ. कबड्डीची रेघ मारली तर दहा मिनिटांत वाहून जाते. लांब उडीच्या खड्ड्यात बेडूक असतात. मुलं व्हरांड्यात पळण्याचा सराव करतात आणि खांबाला आपटतात. त्यातच रोप लावणीचे दिवस, म्हणजे सातवीतला मुलगा घरच्या शेतात चिखलात उभा.

खानापूर तालुका बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतो. त्याच जिल्ह्यात सौंदत्ती आणि रामदुर्गही आहेत. तिकडे वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जुलैतही कोरडी मैदानं. तिथली मुलं वर्षभर मोकळ्या जमिनीवर सराव करून येतात, आमची मुलं त्या वर्षीचं कोरडं मैदान थेट स्पर्धेच्या दिवशी बघतात. निकाल आल्यावर म्हणतात की जंगलातल्या मुलांना दम आहे पण तंत्र नाही. तंत्र कुठे शिकायचं? राष्ट्रीय स्पर्धांच्या तारखांवर राज्याचं वेळापत्रक ठरतं, ते आमच्यासाठी पुढे ढकला असं मी म्हणणार नाही. पण पश्चिम भागात एकेका केंद्रावर छप्पर घातलेलं एक पटांगण तरी द्यावं. भिंती नकोत. खांब, पत्रे आणि खाली मुरूम, एवढं पुरे. रोजगार हमीतून आपल्या राज्यात शाळांची मैदानं आणि कंपाउंड झालेली आहेत. आमच्या मैदानाला चर काढून मुरूम टाकला तरी वर्षातले दोन महिने वाचतील.

दुसरी अडचण पटाची. खो-खोला मैदानात नऊ जण उतरावे लागतात, कबड्डीला सात. आमच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या मुली सगळ्या मिळून नऊ भरत नाहीत. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या वाड्यांमध्ये तर अख्ख्या शाळेत तेवढी मुलं नसतात. म्हणजे एखादी मुलगी कितीही चपळ असली तरी संघच होत नाही म्हणून ती खेळत नाही. धावणं, उडी, गोळाफेक एवढंच तिच्या वाट्याला. मागणी साधी आहे: पट कमी असलेल्या शेजारच्या दोन-तीन शाळांना मिळून एक संघ उतरवू द्यावा. गावच्या कुस्तीला, भजनाला, यात्रेतल्या सोंगांना आम्ही शेजारच्या वाड्या एकत्र येतोच. शाळेच्या कागदावर ते का बसू नये?

पट कमी म्हणून क्रीडा शिक्षकाची जागाही नाही. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी मुलांना घेऊन स्पर्धेला गेले की दुसऱ्या बाईंकडे सातही वर्ग येतात. त्या दिवशी शाळा म्हणजे फक्त मुलं सांभाळणं. तरी आमचे गुरुजी जातात, वडापचं, म्हणजे खासगी जीपचं, भाडं स्वतःच्या खिशातून घालतात. शक्ती योजनेमुळे 11 जून 2023 पासून मुलींना बसचं तिकीट लागत नाही, याबद्दल आम्ही आया मनापासून आभारी आहोत. मुलांना लागतं, कारण त्यांचा पास घर ते शाळा एवढ्याच वाटेवर चालतो. आणि ज्या गावात सकाळची बसच नाही तिथे फुकट तिकिटाचा उपयोग नाही. स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या पत्रावर मुलामुलींना, सोबतच्या शिक्षकाला तालुक्यापर्यंत फुकट नेण्याचा हुकूम परिवहन खात्याशी बोलून काढता येईल. केंद्रासाठी एक फिरता क्रीडा शिक्षक नेमला, आठवड्यातून एक दिवस जरी शाळेत आला, तरी पुष्कळ होईल. तोवर गावच्या तालमीतल्या वस्तादांना अतिथी शिक्षकासारखं तासावर मानधन द्या. लंगोट बांधायच्या आधी अंग कसं तापवायचं, पडायचं कसं, हे त्यांच्याइतकं कुणाला येतं?

आमच्या मातीत खेळ नाही असं कुणी म्हणू नये. 1964 साली टोकियोत ज्या भारतीय हॉकी संघाने सोनं जिंकलं त्यात बेळगावचे बंडू पाटील होते. तुरमुरीची मलप्रभा जाधव 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराश या ज्यूदोसारख्या कुस्तीत कांस्यपदक घेऊन आली. तुरमुरी बेळगाव तालुक्यातलं शेतीचं गाव. तिला ज्यूदोचं प्रशिक्षण मिळालं ते बेळगाव जवळ होतं म्हणून. कणकुंबीच्या पलीकडच्या वाडीत तिच्या ताकदीची मुलगी असेल तर तिच्यापर्यंत कोण पोचणार? क्रीडा वसतिगृहांच्या निवड चाचण्या होतात हे आम्हाला पुष्कळदा चाचण्या होऊन गेल्यावर कळतं. ते खातं दुसरं आहे, हे ठाऊक आहे. पण निरोप शाळेमार्फतच यायला हवा, आणि सुधारणा कमिटीतल्या आईबापांना वाचता येईल असा मराठीतही यावा.

विज्ञानाबद्दल थोडंच. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत सहावीपासूनच्या मुलांनी कल्पना पाठवायची, निवड झाली तर नमुना बनवायला 10,000 रुपये मिळतात, आणि कल्पना कुठल्याही भारतीय भाषेत लिहिता येते. हे आमच्या पालकांना कुणी सांगितलंच नव्हतं. गावातल्या एका मुलाने रानडुकरं हाकायला ओढ्याच्या पाण्यावर आपोआप वाजणारा डबा केला होता. रात्रभर वाजायचा, भात वाचलं. ते कुठल्याही प्रदर्शनात गेलं नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि आमच्याकडे रेंज टेकडीवर चढल्यावर येते. आमच्या शाळा-केंद्राच्या सीआरपींनी, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या साधनव्यक्तींनी, दरवर्षी एक दिवस ठरवून छोट्या शाळांचे अर्ज स्वतः भरून द्यावेत, इतकीच विनंती.

आणखी एक, जे मला फार जवळचं वाटतं. दिवाळीत आमच्याकडे घरोघर मुलं किल्ले करतात. माती मळून, दगड लावून, बुरूज, तट, पाण्याचं टाकं, मोहरी पेरून हिरवं रान. चौथीतली पोरं गडाची उतरण, पायवाट, दरवाजा कुठल्या दिशेला, यावर भांडतात. बेळगाव शहरात त्याच्या स्पर्धा होतात, लोक कुटुंबासह बघायला जातात. हीच मुलं प्रतिभा कारंजीत मातीकामाला बसतात तेव्हा त्यांचे हात सराईत असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळेने या कामाची दखल घ्यावी. प्रगतिपुस्तकात सहशालेय भागासाठी श्रेणी असतेच. तिथे सगळ्यांना एकच अक्षर लिहून मोकळं होण्याऐवजी मुलाने वर्षात काय केलं याची एक ओळ लिहावी: किल्ला केला, लेझीमपथकात होता, कन्नड भावगीतात तालुक्याला गेली. आमच्या घरात प्रगतिपुस्तक देवाजवळ ठेवतात. ती ओळ आजोबा पाहुण्यांना वाचून दाखवतील, आणि पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी पोराला शेतावर ठेवून घ्यायच्या आधी विचार करतील.

दर हिवाळ्यात अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येता. त्यातली एक सकाळ काढून खानापूरच्या पश्चिमेला या. तेव्हा पाऊस नसतो, रस्ता बरा असतो, मुलं मैदानावर असतात. शाळा आम्ही निवडून दाखवणार नाही, आपल्याला जी वाटेत लागेल ती बघा. मुलांशी कन्नडमध्ये बोलला तरी ती उत्तर देतील.

आणि येणं जमलं नाही तरी एक काम येत्या जूनच्या आत व्हावं. प्रतिभा कारंजीचं यंदाचं परिपत्रक निघेल तेव्हा भाषावार स्पर्धेला त्या भाषेचा जाणकार परीक्षक असलाच पाहिजे, अशी एक ओळ त्यात घाला. तमिळ, तेलुगू, उर्दू, तुळू, कोकणी बोलणाऱ्या मुलांनाही तिचा उपयोग होईल. ती ओळ आली की आमच्या तालुक्याची परीक्षकांची यादी करून द्यायचं काम आम्ही कमिटीच्या बायका स्वतः करू.

आपली विश्वासू,
सदस्या, शाळा सुधारणा कमिटी
एक सरकारी मराठी शाळा, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव