'इतर कर्मचारी' म्हणजे कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुढच्या साथीच्या तयारीवरचा कालचा पानभर लेख दोनदा वाचला. खाटा, व्हेंटिलेटर, ऑक्सिजनच्या टाक्या, सगळ्याचा हिशोब त्यात आहे. आम्हा परिचारिकांच्या वाट्याला अर्धी ओळ आली आहे: 'डॉक्टर व इतर कर्मचारी'. उभं आयुष्य वॉर्डात काढलेल्या बाईला हे लागतं. म्हणून लिहायला बसले.

कोविडमध्ये मी अतिदक्षता विभागात रात्रपाळीला होते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पालथं करायला पाच जण लागतात. एक डोक्याशी, घशातली नळी धरून, आणि दोघं-दोघं दोन्ही बाजूंना. एक-दोन-तीन म्हणून एका दमात वळवायचं. मग कान दुमडला नाही ना, डोळ्यावर दाब नाही ना, सलाईनची नळी अंगाखाली गेली नाही ना, हे हाताने चाचपून बघायचं, तेही दुहेरी हातमोज्यांतून आणि वाफ धरलेल्या चष्म्यातून. पेशंट १६-१६ तास तसा राहतो. मधूनमधून मानेची दिशा बदलली नाही तर गालाला जखम होते.

एका रात्री डॉक्टर धरून आम्ही चौघंच होतो. पाचवी म्हणून शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलावून घेतलं. तिथे ती एकटीच होती. तिच्याकडे एक आजोबा होते. मास्कवर ऑक्सिजन चालू, पण जागे, बोलणारे. किटमध्ये सगळ्या सारख्याच दिसायच्या, म्हणून आम्ही छातीवर स्केचपेनने नाव लिहायचो. ते वाचून आजोबा तिला नावाने हाक मारत. आम्ही इकडे पेशंट वळवत असताना त्यांना तहान लागली. पाण्यासाठी मास्क काढला, तो परत लावता आला नाही. ती आपल्या वॉर्डात परतली तेव्हा त्यांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ५८ होते. पहाटे आजोबा गेले.

चौकशीत तिला एकच विचारलं, जागा का सोडली? खाट होती, ऑक्सिजनही होता, हातात तांब्या द्यायला माणूस नव्हतं. कागदावर हे कुणी लिहिलं नाही. तिचं नाव मात्र लिहिलं.

आमची संख्या कमी आहे हे काय तेव्हाच कळलं? २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचं म्हणून आधीच जाहीर केलं होतं. ११ मार्चला तिने महासाथ म्हटलं आणि ७ एप्रिलला तिच्याच अहवालात आकडा आला, जगात ५९ लाख परिचारिका कमी आहेत. तुमच्या लेखकाला व्हेंटिलेटरचे आकडे सापडले, मग हा का सापडू नये? यंत्र पैसे टाकून आणता येतं. नळी ओढताना पेशंटचा चेहरा बघून हात थांबवणारी सिस्टर तयार व्हायला वर्षं जातात. एका सिस्टरकडे किती पेशंट असावेत, एवढं तरी त्या पानावर यायला हवं होतं.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत हातमोजे घातलेलीच परिचारिका तोंडावरचा मास्क खाली ओढते आहे. किट उतरवताना हातमोजे आधी निघतात, मास्क सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ करायचे. बारा तास पाण्याचा थेंब न घेता काम केल्यावर नेमकी तिथेच चूक होते, म्हणून आम्ही दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना क्रम सांगायचो. कृपया तो फोटो पुन्हा छापू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका